लाल फितीची पिन

गेमेन्तेचं पत्र पंधरा दिवस आधीच आलं होतं. इथली, हॉलंडमधली नगरपालिका म्हणजे गेमेन्ते, आणि तिला पत्रं पाठवायची भारी हौस. या वेळचं पत्र मात्र कचऱ्याचं किंवा सायकली कुठे लावायच्या त्याचं नव्हतं, बाँबचं होतं. आमच्या घरांमागे जुनं रेल्वे यार्ड आहे. तिथे नवे रूळ टाकायला खोदत असताना महायुद्धातला एक न फुटलेला बाँब सापडला होता. ठरल्या दिवशी सकाळी नऊच्या आत सगळ्यांनी घरं सोडायची आणि स्पोर्टहॉलमध्ये येऊन बसायचं. खिडक्या किलकिल्या ठेवायच्या, औषधं विसरायची नाहीत, मांजरं बरोबर आणायची. कॉफीची सोय केलेली आहे, असंही शेवटी लिहिलं होतं. या देशात कॉफीशिवाय कुठलंच संकट पार पडत नाही.

झूटरमेरहून लेकीचा फोन आला. "आई, डोन्ट पॅनिक हं. इट्स जस्ट अ बॉम. हे लोक सारखे काढत असतात."

मी घाबरले नव्हतेच. पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या, चार्जर, सगळं पिशवीत भरून झालं होतं. तरी मी कपाटापुढे उभी होते. "जिवाभावाची एखादी छोटी वस्तू बरोबर घ्यायला हरकत नाही," असं पत्रात एक वाक्य होतं, आणि त्या वाक्याने माझी पंचाईत केली होती. शेवटी बटणांचा जुना पत्र्याचा डबा खाली काढला. बटणांच्या तळाशी ती होती. बोटाएवढी पोलादी पिन, तिच्या टोकाला कडी, आणि कडीला शिवलेली कापडी फीत. फीत एकेकाळी लाल होती. आता ती विटक्या विटेच्या रंगाची झाली आहे. मी ती रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली आणि दाराला कुलूप लावलं.

ती पिन माझी नाही. ती मी चोरलेली आहे, सात वर्षांची असताना, माझ्या वडिलांच्या खिशातून.

*

बाबा हवाई दलात आर्मरर होते. विमानाला बाँब लावायचे. आम्ही तेव्हा उत्तरेकडच्या एका तळावर राहत होतो. एका रांगेत पिवळ्या भिंतींचे क्वार्टर, पुढे कण्हेरीचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे सपाट जमीन थेट धावपट्टीपर्यंत. बाबा घरी आले की आधी त्यांचा वास यायचा. विमानाचं इंधन, ग्रीस, घाम आणि थोडा तंबाखू. आई नाक मुरडायची आणि ओव्हरऑल दाराबाहेर काढायला लावायची. मला तो वास फार आवडायचा. आजही पेट्रोल पंपावर मी गरजेपेक्षा दोन श्वास जास्त घेते, आणि लेक म्हणते, "आई, यू आर सो वीअर्ड."

थंडीत सकाळी धुकं इतकं असायचं की शेजारच्या सरदारणीची चूल नुसती वासाने कळायची. मोहरीच्या तेलाचा धूर, ओल्या लोकरीचा वास, आणि दूर कुठेतरी विमानाचं इंजिन तापवल्याचा आवाज. तो आवाज आधी छातीत यायचा, मग कानात. हलकी बाँबर विमानं ती, दोन-तीन माणसांची. बाबा त्यांना "पोरी" म्हणायचे. "आज माझ्या पोरीला सर्दी झालीय," असं म्हणाले की एखाद्या इंजिनात बिघाड आहे असं समजायचं.

खंडेनवमीला तळावर शस्त्रपूजा व्हायची. त्या दिवशी बायकामुलांना आत सोडायचे. सगळ्या प्रांतांची मंडळी, पण हळदकुंकवाचं तबक आईचंच असायचं, कारण तिला दुसऱ्या कुणाचं पसंत पडत नसे. त्या वर्षी बाबांनी मला उचलून धरलं आणि मी ढकलगाडीवरच्या बाँबला हळदीचं बोट लावलं, मग कुंकवाचं. तो गार होता आणि त्याला ताज्या रंगाचा वास येत होता. मी त्याच्या पोटावर झेंडूचं फूल ठेवलं, ते घसरून पडलं, मी परत ठेवलं. सगळे हसले. नागपूरकाका सगळ्यांत मोठ्याने हसले.

नागपूरकाका विमानात नकाशा बघून वाट दाखवायचे. अधिकारी माणूस, पण मेसचं जेवण जेवून मराठी चवीला इतके आसुसलेले की हुद्दाबिद्दा विसरून आमच्या स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसायचे. आई थालीपीठ थापायची, ते मोजायचे नाहीत, ती मोजायची. "भाऊजी, चौथं," म्हणायची. "वहिनी, हे शेवटचं," असं ते पाचव्याला म्हणायचे. माझ्या बाहुलीचं लग्न ठरवलं होतं त्यांनीच, त्यांच्या न जन्मलेल्या मुलाच्या बाहुल्याशी.

मग डिसेंबर आला आणि एकाहत्तरचं युद्ध. मला युद्ध म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण सामान आठवतं. खिडक्यांवर चिकटवलेला तपकिरी कागद आणि त्याच्या खळीचा आंबूस वास. क्वार्टरमागे खणलेला चर, त्यातली ओली माती, तिथे आम्ही मुलींनी मांडलेली भातुकली. भोंगा वाजला की आई एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने कणकेची परात उचलून चरात उतरायची. कणीक तिने एकदाही मागे ठेवली नाही.

*

बाँबच्या पिनेचं काम साधं असतं. ती आहे तोवर बाँब झोपलेला. विमान निघायच्या आधी आर्मरर ती उपसून घेतो, मग बाँब जागा. प्रत्येक पिनेला लाल फीत, म्हणजे एखादी राहून गेली तर नजरेत भरावी. आठ बाँब, आठ पिना. काढल्या की लगेच नेऊन फळ्यावरच्या आठ खिळ्यांना टांगायच्या असा नियम, आणि बाबा नियमाचे इतके पक्के की आई म्हणायची, यांच्या पत्रिकेत गुरूच्या जागी नियमावली बसलीय.

त्या एका सकाळी त्यांनी नियम मोडला. दोन दिवस ते झोपले नव्हते. नागपूरकाकांचं विमान पहाटे निघालं, सीमेपलीकडच्या शत्रूच्या रेल्वे यार्डावर. ते विमान बाबांनीच सज्ज केलं होतं. पिना ओव्हरऑलच्या खिशात तशाच राहिल्या आणि बाबा उजाडताना घरी आले. ओव्हरऑल दारामागच्या खुंटीला अडकवलं, चहा अर्धा प्यायला, आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या त्यांना झोप लागली.

खिशातून लाल फिती बाहेर लोंबत होत्या. बाहुलीच्या लग्नाला मला शालू हवा होता. एवढंच. बाकी काहीही नाही. मी एक ओढून घेतली आणि चरात जाऊन बसले.

जाग आल्यावर बाबा पिना टांगायला तळावर गेले आणि दुपारी परत आले तेव्हा त्यांच्या पँटचे गुडघे काळे झाले होते. विमानाच्या जागेवर ते गुडघ्यांवर रांगून शोधत होते, असं आईने पुढे कधीतरी सांगितलं. फळ्यावर सात पिना होत्या आणि आठवा खिळा रिकामा. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, समोर उभं केलं.

"बेबी, लाल फितीची पिन पाहिलीस?"

त्यांचा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ते रागावले असते तर मी सांगितलं असतं. पण ते विनवत होते. मोठा माणूस, माझा बाप, माझ्यासारख्या चिमुरडीला विनवत होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही, बाबा."

संध्याकाळी कळलं की नागपूरकाकांचं विमान परतलं नाही. बाँब टाकून झाले होते, येताना पडलं. आईने कणीक मळायला घेतली होती, ती तशीच परातीत राहिली. मी बाहुलीचा शालू काढला आणि पिन बटणांच्या डब्यात तळाशी घातली. त्यानंतर मूग गिळून गप्प बसले ते बसलेच.

बाबांनी स्वतःच वरिष्ठांना सांगितलं की आठवी पिन सापडत नाही, म्हणजे ती बाँबलाच राहिली असणार. त्यांना शेरा मिळाला, बढती अडली. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्यांना खाणारी गोष्ट निराळी होती. ते आईला सांगायचे, आणि मी पांघरुणाखालून ऐकायची: "ती पोरं जीव घालवून तिथवर गेली, आणि मी त्यांच्याबरोबर एक मुका बाँब पाठवला." मुका हा त्यांचाच शब्द. पुढे पुण्यात आल्यावर ते एका कारखान्यात लेथवर लागले. खंडेनवमीला सगळे कामगार आपापल्या यंत्राला हार घालायचे, तेव्हा बाबा फाटकाबाहेर जाऊन विडी ओढत उभे राहायचे. पूजेला हात लावायचे नाहीत.

किती वेळा सांगायचं ठरवलं मी. दहावीला, लग्नात, आई गेली तेव्हा. प्रत्येक वेळी वाटायचं, आता उशीर झाला, आणि प्रत्येक वेळी तो थोडा आणखी व्हायचा.

*

स्पोर्टहॉलमध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली मला त्रूसबाई सापडल्या. आमच्या शेजारीण. वय सत्त्याऐंशी, मांडीवर पिंजऱ्यात मांजर, पायात बागेतले रबरी बूट. "चांगले बूट घरी ठेवले," त्या म्हणाल्या. "उडाले तर विम्याचे पैसे मिळतील." मी त्यांना कॉफी आणून दिली आणि शेजारी बसले.

त्रूसबाई हे नाव बाबांनी पाडलेलं. बारा वर्षांपूर्वी ते एकदाच इथे आले होते, उन्हाळ्यात. तेव्हा मी आर्नहेमच्या ऑफिसात दिवसभर, लेक शाळेत, आणि बाबा घरात एकटे. चौथ्या दिवशी घरी आले तर बाबा शेजारच्या बागेत ओणवे होऊन बटाटे काढत होते. दोघं एकाच वयाची. बाबांचं फौजी इंग्रजी, त्यांचं शाळेतलं इंग्रजी, आणि मध्ये लाल बेरींची झुडपं. मला कुणी मध्ये बोलावलं नाही. बाबांना इतकं बोलताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी आम्ही तिघं त्यांच्या बागेत बसलो होतो. उन्हाळ्यात इथे ऊन जायचं नाव घेत नाही. मागून मालगाडी गेली आणि बाबांनी विचारलं, "हे यार्ड लढाईत होतं का?"

त्रूसबाईंनी सांगितलं. फार साधं सांगितलं. यार्ड जर्मनांच्या ताब्यात होतं, पण सिग्नलचा केबिनवाला, इंजिनवाला, सगळे गावचेच. घरात जळण नव्हतं. डब्यांतून सांडलेला कोळसा वेचायला गावची मुलं रुळांवर जायची. त्यांची अकरा वर्षांची बहीण आनी बादली घेऊन रोज जायची. त्या दुपारी दोस्त राष्ट्रांची बाँबर विमानं आली, छोटी, अगदी खालून उडत. "आम्ही हात हलवले," त्रूसबाई म्हणाल्या. "ते आमचेच होते ना. आम्हाला सोडवायला आलेले. मी सहा वर्षांची होते, मी या कुंपणाशी उभी राहून हात हलवत होते."

आनी परत आली नाही. बादली आली.

"तुम्हाला राग नाही येत?" बाबांनी विचारलं.

"कुणाचा?" त्या म्हणाल्या.

 मग बाबांनी विचारलं, "सगळे फुटले?"

"नाही. एक नाही फुटला. चिखलात खोल गेला. लोकांनी शोधला, मिळाला नाही. माझी आई दर वर्षी त्या बाजूला फुलं ठेवायची. आनीच्या कबरीवर ठेवायची आणि तिथेही. ती म्हणायची, सगळ्यांत तो एकच असा आला ज्याने आमचं काही नेलं नाही."

बाबांनी बशीतल्या बेरी एकेक करून सगळ्या संपवल्या. घरी आल्यावर पायऱ्यांशी थांबले. "बेबी," ते म्हणाले, "माझाही एक आहे तसा."

"काय, बाबा?"

"माझा मुका गं. आठातला. तिथेही पोरं कोळसा वेचत असतील की. मला हे कधी सुचलंच नव्हतं बघ. सातांचं काय झालं देव जाणे. पण एक तरी माझ्या हातून असा गेला." त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले. पुण्याला गेल्यावर त्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यांनी जुना पाना पाटावर मांडला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. बाबा तिथे माझ्या भावाकडे राहतात; वहिनीने मला फोटो पाठवला होता.

म्हणजे बघा. आधी मी भित्री होते म्हणून सांगितलं नाही. आणि जेव्हा भीती उरली नाही, माझे केस पांढरे झाले, तेव्हा सांगायची सोयच राहिली नाही. कारण आठवी पिन माझ्या डब्यात होती. म्हणजे ती बाँबला नव्हती. म्हणजे तो मुका नव्हताच. आठही फुटले होते.

*

हॉलमध्ये दुपारचे दोन वाजत आले होते. मुलं गाद्यांवर कोलांट्या मारत होती. मला काय झालं कुणास ठाऊक, मी खिशातून रुमाल काढला आणि पिन त्रूसबाईंच्या तळहातावर ठेवली. सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या डचमध्ये, एका दमात. शालूचं, खुंटीचं, "नाही, बाबा"चं. इतक्या वर्षांत कुणालाही न सांगितलेलं मी मांजराच्या पिंजऱ्यावरून वाकून सांगितलं आणि रडले. आजूबाजूच्यांना वाटलं असेल परदेशी बाई बाँबला घाबरली.

त्रूसबाईंनी फीत बोटांनी सरळ केली. "मग तो फुटला होता," त्या म्हणाल्या.

"हो."

तेवढ्यात दूर शेतांच्या बाजूने धप्प असा आवाज आला. मोठा नव्हता. जिन्यावरून धान्याचं पोतं पडावं तेवढाच. यार्डातला बाँब त्यांनी गावाबाहेर नेऊन, मातीत पुरून उडवला होता. हॉलमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माइकवरून सांगितलं की झालं, अर्ध्या तासात घरी जाता येईल.

त्रूसबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत.  "आता तोही," त्या म्हणाल्या. "आई असती तर?" मग त्यांनी पिन माझ्या हातात परत ठेवली, माझी मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटवली आणि तशीच धरून ठेवली.  आपल्याकडे माणूस गेलं तर बोलायला शब्द असतात. बाँब गेल्यावर काय बोलतात?

तेव्हाच फोन वाजला. पुण्यात संध्याकाळ, बाबांच्या चहाची वेळ. वहिनी रोज या वेळी व्हिडिओ लावते. "ताई, आज जरा बरे आहेत," ती म्हणाली. "सकाळी मला आई म्हणाले, आता नीट नाव घेतलंय. बोला." बाबांची स्मृती दोन वर्षांपासून अशी येऊन जाऊन असते. मला ते कधी ओळखतात, कधी मावशी म्हणतात. मी आज पिन का घेतली होती, तर यासाठी. ते जाण्याआधी, किंवा त्यांच्यातलं समजणारं माणूस पुरतं जाण्याआधी, एकदा खरं बोलायचं म्हणून. सकाळी कुलूप लावताना मी पक्कं ठरवलं होतं.

पडद्यावर त्यांचं कपाळ आलं, मग चेहरा. "कुठे बसलीयस गं? लग्न आहे का?"

"नाही बाबा. इथे जुना बाँब सापडला. म्हणून सगळे इकडे."

ते पुढे झुकले. डोळ्यांत एकदम जुनी चमक आली. पुन्हा हवाई दलातला सार्जंट. "सापडला? माझा?"

वहिनी मागून म्हणाली, "अहो बाबा, तो तिकडचा, हॉलंडचा." पण त्यांनी ऐकलं नाही. ते माझ्याकडेच बघत होते.

"फुटला?"

मी त्रूसबाईंकडे पाहिलं. त्यांना मराठी येत नाही, पण म्हातारा काय विचारतोय ते त्यांना कळत असावं. त्यांनी माझी मूठ सोडली नव्हती. पिनेचं टोक तळहातात रुतत होतं.

"नाही," मी म्हटलं. "तुमचा तिथेच आहे, बाबा. झोपलाय."

"बेबी." त्यांचा आवाज खाली आला. तोच आवाज. चौपन्न वर्षांनी तोच विनवणारा आवाज, जणू त्यांचे गुडघे अजून काळे होते. "ती आठवी पिन. लाल फितीची. तुला कधी दिसली नाही ना?"

तेव्हा मी हो म्हणावं म्हणून त्यांनी विचारलं होतं. आता मी नाही म्हणावं म्हणून विचारत होते.

"नाही, बाबा."

ते मागे टेकले. वहिनीने त्यांच्या हातात कप दिला, त्यांनी फुंकर मारली.

"मग बरं," म्हणाले, आणि चहा पिऊ लागले.